त्या शिट्टीसाठी तू चपला मांडल्या नाहीस

जयवंत, काल तुझी शोकसभा झाली. मी शेवटच्या रांगेत बसून तुला शोधत होतो. हार घातलेला फोटो तुझाच होता, पण ज्याच्याबद्दल लोक बोलत होते तो माणूस माझ्या ओळखीचा नव्हता. आपल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष नवा कोट घालून आले होते. दुःखाच्या प्रसंगाला त्यांचे बूट जरा जास्तच चकाकत होते. निष्पक्षतेचा हिमालय कोसळला, असं ते म्हणाले. चंदिगडहून फार तर कसौलीचा डोंगर दिसतो, तोही पावसाने हवा धुऊन काढली असेल तर. इथून हिमालय दिसल्याचं सांगणाऱ्या माणसांवर मी पहिल्यापासून विश्वास ठेवलेला नाही.

त्यांच्या भाषणात तपासून बघावं असं एकच वाक्य होतं. स्वतःच्या घरी जेवणाऱ्या मुलाविरुद्ध या माणसाने अंतिम सामन्यात निर्णय दिला, असं ते म्हणाले आणि थांबले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत. मी वाजवल्या नाहीत. त्या निर्णयाबद्दल मला काय वाटतं ते तुला माहीत होतं, आणि तुला माहीत होतं म्हणूनच आपली मैत्री टिकली, असं मी समजत आलो.

संशय घेणं हा माझा पगारी धंदा. डेराबस्सीच्या औषध कारखान्यात गुणवत्ता विभागात मी इतकी वर्षं तेच करतो. समोरचा म्हणतो गोळी बरोबर आहे, मी म्हणतो दाखव. तुला हे आवडायचं. आपली ओळख झाली तेव्हा तू हवाई दलातून निवृत्त होऊन इथेच राहिला होतास. परत कोल्हापूरला का गेला नाहीस, असं विचारल्यावर तू म्हणालास, तिथे सगळे कुस्तीतले जाणकार, बास्केटबॉलच्या पंचाला कोण विचारतंय? कुणी आयुष्यभर खेळतं आणि निवृत्तीनंतर पंच होतं. तू मात्र तरुणपणी खेळता खेळताच शिट्टी उचललीस. खेळाडूला वाद घालता येत नाही, पंचाला घालता येतो, हे तुझं कारण. तेही मला तेव्हा जरा संशयास्पदच वाटलं होतं.

तुझ्या घरी पहिल्यांदा आलो तो रविवार आठवतो. पहिल्या मजल्यावरचा तुमचा फ्लॅट, दाराबाहेर चपला काढायची मराठी शिस्त आणि समोरच्या शेजाऱ्यांचं त्यावरचं कौतुक. पोहे खाऊन निघालो तर माझे सँडल जागेवर नाहीत. तू जिन्याच्या चौकात उकिडवा बसला होतास. तुझ्या कोल्हापुरी, माझे सँडल, शैलावहिनींच्या चपला आणि इस्त्रीवाल्याच्या स्लिपर तू फरशीवर मांडल्या होत्यास. इस्त्रीवाला अनवाणी उभा राहून बघत होता. आदल्या दिवशीच्या सामन्यातला एक फाउल तू त्याला समजावून देत होतास. वहिनी आतून म्हणाल्या, "भावजी, आमच्याकडे येताना जुन्या चपला घालून येत जा. नव्या असल्या की हे त्यांना सेंटर खेळवतात."

उडी मारलेल्या माणसाचा नियम मला तू तिथेच शिकवलास. चेंडू घेऊन उडालेल्या खेळाडूला खाली उतरायला जागा मिळालीच पाहिजे, कारण हवेत कुणाला वळता येत नाही आणि थांबताही येत नाही. पण कुठली जागा? तू म्हणालास, "एसटीत खिडकीतून रुमाल टाकतो का नाही आपण? तसंच आहे बघ. रुमाल टाकला तेव्हा सीट मोकळी असली तर ती तुझी. नंतर कोण येऊन बसला तर त्याची चूक. पण आधीच बसलेल्याच्या मांडीवर रुमाल टाकून भांडायचं नाही." म्हणजे धडक कधी झाली याला महत्त्व नाही, कोण किती जोरात पडला यालाही नाही. पहिल्याचे पाय जमीन सोडत होते त्या क्षणी दुसऱ्याचे पाय कुठे होते, एवढंच बघायचं. आधीपासून तिथे उभा असेल तर चूक उडणाऱ्याची. तो उडाल्यावर खाली सरकला असेल तर चूक सरकणाऱ्याची, आणि ती मोठी चूक, कारण त्यात माणसाचा पाय मोडतो.

सगळं मैदान चेंडूकडे बघतं तेव्हा पंचाने फरशीकडे बघायचं, हे तुझं ब्रीद. त्यामुळे सुंदर बास्केट तू जवळपास बघितलीच नाहीस. कुणी एखाद्या फेकीचं वर्णन करायला लागला की तू म्हणायचास, असेल, मी खाली होतो.

आणि तुझी पद्धत. चपला मांडताना पहिला जोड कायम पंचाचा. तुझ्या त्या कोल्हापुरी, अंगठा तुटून दोनदा शिवलेल्या. आधी पंच कुठं उभा होता ते सांग, मग त्याला काय दिसलं ते बोल. मधे कुणी आलं असेल, पाय दिसले नसतील, तर शिट्टी तोंडातच राहू द्यायची. मी एकदा म्हटलं होतं, अंदाज बरोबर असेल तर? तू चिडलास. "अंदाजानं वाजवलेली शिट्टी बरोबर ठरली तरी ती चोरीच, लेका. सापडली नाही एवढंच." हे वाक्य मी कारखान्यातही वापरलं आहे, तुझं नाव न घेता.

एकदा एका बॅचवर मी सही करायला नकार दिला आणि वरच्यांनी माझ्याशी बोलणं बंद केलं. तेव्हा तू भर उन्हात स्कूटरवरून डेराबस्सीला आलास आणि फाटकासमोरच्या टपरीवर मला विचारलंस, "तुला दिसलं तेवढंच लिहिलंस ना?" मी हो म्हटलं. "मग चहा पी," म्हणालास. धीर देणारं दुसरं काही बोलला नाहीस. घरी येऊन मी शांत झोपलो. त्याचे आभार मानायचे राहिले. तू आभारांवरही फाउल दिला असतास.

मग केदार आला. मोहालीच्या आयटी कंपनीतला, मूळचा नाशिकचा, उंच, सतत भुकेला. मंडळाच्या गणपतीत भेटला आणि दुसऱ्या रविवारी तुझ्याकडे जेवायला. तुम्हाला मूलबाळ नाही हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने ते ओळखलं असावं, किंवा वहिनींच्या आमटीने त्याला बाकी काही ओळखायला वेळच दिला नसावा. तो चौथी पोळी मागायचा तेव्हा तू वर्तमानपत्राआड तोंड लपवून खूश व्हायचास. खेळताना उडीआधीची त्याची शेवटची लांब ढांग तूच दुरुस्त केलीस. "समोर भिंत असली तरी घुसतोस. जागा बघ आधी." तो म्हणायचा, "काका, जागा मिळते यार, पक्का." त्याला मिळायची पण. मुलगा आवडता असला की लोक बाजूला होतात.

कंपन्यांच्या स्पर्धेत मंडळानेही संघ उतरवला आणि अंतिम सामना पडला माझ्याच कारखान्याच्या संघाशी. ट्रॉफी इंडस्ट्रियल एरियातून करून आणलेली, लहान मुलाला आत लपता येईल एवढी. अध्यक्ष तिच्याशेजारी खुर्ची लावून बसले होते. नेमलेल्या पंचांपैकी एक आलाच नाही. मैदानावर दुसरा जाणकार तूच. तू नको म्हणालास, केदार माझ्या घरचा आहे म्हणून उघड सांगितलंस. आमच्या कारखान्याचा कप्तान हसून म्हणाला, "अंकलजी, आपकी सीटी पे कौन शक करेगा?"

माझा संशय तिथेच सुरू झाला. कुणीही कुणावर इतक्या आनंदाने विश्वास ठेवत नाही. सरळपणाचा लौकिक असलेला माणूस आपल्या माणसाला झुकतं माप देत नाही. उलट तो दुसऱ्या बाजूला झुकतो, लोकांना दिसेल इतका झुकतो. हे त्या कप्तानाला माहीत असणार, असं मला वाटलं. प्रामाणिकपणाचाही एक कोट असतो, जयवंत, आणि चारचौघांत तो घालून मिरवण्याचा मोह अध्यक्षांनाच होतो असं नाही.

शेवटची चढाई. आपलं मंडळ एका गुणाने मागे. मी टेबलावर वेळ बघायला होतो, त्यामुळे माझी नजर घड्याळावर. दुसरा पंच मागून धापा टाकत येत होता, तू पुढे बास्केटखालच्या रेषेवर. केदार घुसला, उडाला, धडक झाली, मग चेंडू त्याच्या हातून सुटला आणि जाळीतून पडला. शिट्टी वाजली. केदारचे मित्र नाचायला लागले, कारण फाउल आपल्या बाजूने असणार हे सगळ्यांनी धरलंच होतं. मी मान वर केली तर तू दोन्ही हात छातीसमोर कात्रीसारखे हलवत होतास, म्हणजे बास्केट रद्द. मग उघड्या तळव्यावर मूठ आपटलीस, म्हणजे चूक केदारची. केदार फरशीवर बसून तुझ्याकडे बघत होता. मंडळ हरलं. आमच्या मालकांनी ट्रॉफी घेताना मूल्यांवर भाषण केलं.

पुढच्या रविवारी केदार जेवायला आला नाही. त्याच्या पुढच्याही. वहिनी त्याच्या हिशेबाने कणीक मळत राहिल्या आणि उरलेल्या पोळ्यांचा चिवडा आपण सोमवारी खात राहिलो. नंतर कळलं, तो बदली मागून पुण्याला गेला. तू फोन केला नाहीस. वहिनी एकदा माझ्यासमोरच म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या न्यायाधीशाला एक फोन लावता येईना." तू वर्तमानपत्र वाचत राहिलास. ते पान बराच वेळ उलटलं गेलं नाही.

तो मुलगा तू कशासाठी गमावलास, एवढंच मला हवं होतं. नियमासाठी असेल तर माझं काही म्हणणं नव्हतं. लौकिकासाठी असेल तर मला तुझी कीव येणार होती, आणि तुझी कीव करण्याची माझी तयारी नव्हती.

म्हणून मी पुन्हा पुन्हा विचारत राहिलो. बचाव करणाऱ्याचे पाय कधी टेकले? तू म्हणायचास, आधी. मांडून दाखव, म्हटलं की विषय बदलायचास. जगातल्या प्रत्येक फाउलसाठी तू चपला मांडल्यास. इस्त्रीवाल्यासाठी मांडल्यास, गॅसवाल्यासाठी मांडल्यास, वहिनींच्या भजनी मंडळाच्या बायकांना अनवाणी ताटकळत ठेवून मांडल्यास. त्या एका शिट्टीसाठी मांडल्या नाहीस. माझ्या धंद्यात अशा माणसाच्या कपाटाला सील लावतात.

या हिवाळ्यात, सुखना तलावावरच्या बाकावर, मी शेवटचं विचारलं. शब्द नीट निवडून आणले होते. "केदारच्या जागी दुसरा कुणी असता, तर वाजवली असतीस?"

तू मफलर सारखा केलास. समोर बदकं होती, त्यांच्याकडे बघत राहिलास. मग म्हणालास, "नसती वाजवली."

वाद मी जिंकला होता. पुढे काही विचारलं नाही. परत येताना आपण कांद्याच्या भावाबद्दल बोललो. त्यानंतर तू गेलास, आणि तुझं ते उत्तर घेऊन मी काल शेवटच्या रांगेत बसलो होतो. अध्यक्ष हिमालय उभा करत होते आणि मला वाटत होतं, आत्ता उठून तुझे ते दोन शब्द बोललो तर काय होईल.

उठलो नाही. सभेनंतर सगळे तुझ्या घरी आले. जिन्याच्या चौकात पाय ठेवायला जागा नव्हती, इतक्या चपला. तुझ्या कोल्हापुरी दाराच्या उजवीकडे होत्या तशाच. आत चहा चालू होता, अध्यक्ष तुझ्या खुर्चीत बसले होते. मी बाहेर आलो तर केदार उभा होता. थोडा जाड झालाय. पुण्याहून सकाळच्या विमानाने आला होता, आणि आत जावं की नाही हे त्याचं ठरत नव्हतं.

मी त्याला म्हटलं, ये, वहिनी बऱ्या आहेत. तो तुझ्या चपलांकडे बघत म्हणाला, "काका, पाय होते त्याचे."

"कुणाचे?"

"त्या डिफेंडरचे. मी उडायच्या आधीच होते. मी बघितले होते."

मी विश्वास ठेवला नाही. मेलेल्या माणसाबद्दल लोक खोटं बोलतात आणि चांगल्या हेतूने बोलतात, त्यामुळे ते पकडायला फार अवघड जातं. मी म्हटलं, मांडून दाखव.

तो खाली बसला. त्याने स्वतःचे बूट एका बाजूला ठेवले, हा मी. त्यांच्यासमोर, उडीच्या वाटेवर, माझे सँडल ठेवले, हा तो, दोन्ही पाय टेकलेले. मग मी काही न सांगता त्याने तुझ्या कोल्हापुरी उचलल्या आणि भिंतीजवळ, बास्केटखालची रेषा जिथे आली असती तिथे ठेवल्या. काका इथे. मग इकडेतिकडे बघून त्याने अध्यक्षांचे चकाकणारे बूट उचलले आणि तुझ्या चपला आणि माझे सँडल यांच्या बरोबर मधे ठेवले.

"हे कोण?"

"त्यांचा सेंटर. तो जाडा. इथेच उभा होता."

मी तुझ्या चपलांमागे जाऊन उभा राहिलो. तू शिकवल्याप्रमाणे खाली बघितलं. तुझ्या जागेवरून माझ्या सँडलपर्यंत जाणारी सरळ रेष अध्यक्षांच्या बुटांवर अडत होती. तुला ते पाय दिसले नव्हते, जयवंत. दिसणं शक्यच नव्हतं.

मी केदारला विचारलं, मग काकांना काय दिसत होतं? त्याने स्वतःच्या बुटांकडे बोट केलं. मग म्हणाला, "मी." आणि मग, माझ्याकडे न बघता, "उडायच्या आधी मी त्यांच्याकडे बघितलं, काका. समोर माणूस होता, कळत होतं मला. पण वाटलं, काका आहेत ना. ते पण माझ्याकडेच बघत होते."

मी विचारलं, मग आला का नाहीस रे परत? तो म्हणाला, "काय तोंड घेऊन येणार? त्यांना कळलं होतं."

मी जिन्याच्या पायरीवर बसलो. मोकळी वाट असलेला खेळाडू बास्केटकडे बघतो. पंचाकडे तोच बघतो ज्याला माहीत असतं की समोर माणूस उभा आहे. तुला ते पाय त्या मुलाच्या तोंडावर वाचता आले. दुसऱ्या कुणाचं तोंड तुला वाचता आलं नसतं, इतके रविवार तू दुसऱ्या कुणाला जेवताना बघितलं नव्हतंस. म्हणून नसती वाजवली. आणि चपला मांडल्या नाहीस, कारण मांडल्या असत्यास तर मी पहिलाच प्रश्न विचारला असता, तुला दिसलं कसं? मग त्या नजरेबद्दल तुला माझ्यापाशी बोलावं लागलं असतं. त्यापेक्षा मी तुला दिखाऊ समजावं, हे तुला चाललं.

हे सगळं मी पूर्ण मान्य केलेलं नाही. त्या नजरेला केदारशिवाय साक्षीदार नाही, आणि विमानाने आलेल्या साक्षीदाराला निदान भाड्याइतकं तरी पुण्य हवं असतं. कदाचित तू मिरवायलाच वाजवलीस आणि नशिबाने पाय तिथे होते. पण कसंही धरलं तरी एक गोष्ट सुटत नाही. तू अंदाजाने वाजवलीस. तुझ्याच शब्दांत, चोरी. इतक्या वर्षांच्या भांडणात तू पहिल्यांदा माझ्या तावडीत पूर्ण सापडलास, आणि हे ऐकवायला मला तूच हवा होतास.

वहिनी दारात आल्या. फरशीवरची मांडणी त्यांनी बघितली, केदारला बघितलं. "पोळ्या जास्तीच्या आहेत," त्या त्याला म्हणाल्या, "हात धू." तो आत गेला.

मग लोक निघाले. अध्यक्षांना आपले बूट मैदानाच्या मधोमध का, हे कळलं नाही. त्यांनी ते घातले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून तुमच्या मित्राची जागा भरून न येणारी आहे, असं सांगून उतरले. जाणाऱ्यांच्या पायांनी केदारचे बूट बाजूला सरकले. मी माझे सँडल घातले. मधे आता कुणी नव्हतं, आणि भिंतीपासून जिन्यापर्यंतची फरशी तुझ्या चपलांसमोर अगदी स्वच्छ, उघडी पडली होती.

वहिनी म्हणाल्या, "भावजी, यांच्या चपला आत घेऊ का आता?"

मी म्हटलं, राहू द्या. अजून माझं बोलून झालेलं नाही.